मदत हवी आहे : मेअखेरीस मॉन्टेनेग्रो, किनाऱ्यावर किती रात्री आणि डोंगरात किती?

नमस्कार.

येत्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सहा जण मॉन्टेनेग्रोला जायचे ठरवत आहोत. मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि म्युनिकला नोकरी करणारी माझी धाकटी बहीण. आम्ही पाच जण पुण्याहून आधी बहिणीकडे जाऊ, तिथे आठवडाभर राहू, मग २२ मे रोजी सगळे मिळून विमानाने क्रोएशियातील दुब्रोव्निकला उतरू, तिथून रस्त्याने सीमा ओलांडू आणि ३१ मे रोजी त्याच वाटेने परत फिरू. म्हणजे मॉन्टेनेग्रोच्या वाट्याला नऊ रात्री येतात.

हा देश निवडण्याचे कारण घरगुती आहे. बाबांना समुद्र हवा होता, पत्नीला बर्फाचे डोंगर हवे होते आणि रोज सामान बांधून नव्या हॉटेलात जायची कोणाचीच तयारी नव्हती. नकाशावर पाहिले तर मॉन्टेनेग्रोचे क्षेत्रफळ जेमतेम १३,८१२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. त्यामुळे किनाऱ्यावरच्या कोतोरला एकच मुक्काम ठेवून सगळीकडे सकाळी जाऊन रात्री परतता येईल, असे मी घरच्यांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगून टाकले. नंतर रस्त्यांचा हिशेब मांडला तेव्हा कोतोर ते दुर्मितोरच्या डोंगरातले झाब्ल्याक हे सुमारे १६५ किलोमीटरचे अंतर कापायला साडेतीन तास लागतात असे दिसले, आणि तो आत्मविश्वास ओसरला. सध्या कोतोरला सात रात्री आणि झाब्ल्याकला दोन अशी विभागणी कागदावर आहे, पण ती मलाच पटत नाही.

अडचणी अशा आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर ते तासभर आरामात चालतात, परंतु पायऱ्या टाळाव्या लागतात. आईला घाटात गाडी लागते, शिवाय ती शुद्ध शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. गाडी मी स्वतः चालवणार आहे. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी या घाटांची सवय आहे, मात्र रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी चालवलेले नाही. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून काढून घेईन.

जाणकारांकडून पुढील गोष्टींबद्दल मार्गदर्शन हवे आहे. दुर्मितोरच्या डोंगरात मेअखेरीस बर्फ कितपत असतो, आणि लहान मूल व वयस्कर माणसे बरोबर असताना तिथे दोन रात्री पुरतात का? कोतोरच्या जुन्या गावातच राहावे की बाहेर? आणि आम्हा पाच जणांचा शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांचा मिळून एक व्हिसा) एकाच प्रवेशाचा असला तर चालेल का? वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना मॉन्टेनेग्रोत ३० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही, एवढे वाचले आहे. बहिणीकडे जर्मनीचा निवास परवाना असल्यामुळे तिचा प्रश्न नाही.

प्रतिसाद १

व्हिसाचे आधी पाहा, बाकी सर्व नंतर. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे, परंतु मॉन्टेनेग्रो नाही. तुम्ही म्युनिकला उतरलात की पहिला प्रवेश झाला, आणि सीमा ओलांडून मॉन्टेनेग्रोत गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. ३१ तारखेला क्रोएशियाच्या चौकीवर येणे हा दुसरा प्रवेश ठरेल आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिथेच अडवले जाल. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि सोबतच्या पत्रात दोन्ही तारखांसह हा मार्ग लिहावा. व्हिसा हातात आल्यावर त्यावरील प्रवेशांची नोंद प्रत्येकाच्या पासपोर्टात स्वतंत्रपणे तपासावी.

दुसरी बारीक गोष्ट म्हणजे मॉन्टेनेग्रोत परदेशी पाहुण्याची नोंदणी आगमनानंतर २४ तासांच्या आत व्हावी लागते. हॉटेल ती स्वतःहून करते. घर भाड्याने घेणार असाल तर मालकाला पहिल्याच दिवशी विचारा आणि पावती जपून ठेवा. पैशांचा मात्र त्रास नाही, कारण युरोपीय संघात नसूनही तिथे २००२ पासून युरोच चालतो.

प्रतिसाद २

आम्ही गेल्या वर्षी याच दिवसांत सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कोतोरला सात रात्री जास्त होतात. जुने गाव देखणे आहे, परंतु मोठी प्रवासी जहाजे लागली की सकाळी नऊ-दहानंतर त्या अरुंद गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा राहत नाही. गावात मोटार जात नाही, त्यामुळे सामान दगडी फरशीवरून ओढत न्यावे लागते. म्हणून त्याला लागून असलेल्या दोब्रोता येथे राहा. पाण्याच्या कडेने सपाट वाट आहे, तुमचे बाबा तिथे रोज फिरतील. गावामागच्या किल्ल्याला सुमारे १,३५० पायऱ्या आहेत. तो तुम्ही आणि मुलीने पहाटे उरकावा, बाकीच्यांनी खाली कॉफी घ्यावी. जवळच्या पेरास्त गावाहून होडीने पाच-दहा मिनिटांत समुद्रातल्या चर्चच्या बेटावर जाता येते. ते बेट माणसांनी दगड आणि जुनी जहाजे बुडवून तयार केलेले आहे, हे ऐकून मुलगी खूश होईल.

लोव्चेन पर्वतावर न्येगोश या कवी-राज्यकर्त्याचे समाधीस्थळ आहे आणि त्याला ४६१ पायऱ्या आहेत, म्हणजे बाबांसाठी तेही बाद. मात्र २०२३ साली कोतोरजवळून लोव्चेनवर जाणारी रोपवे सुरू झाली आहे. ती सुमारे अकरा मिनिटांत वर नेते आणि संपूर्ण आखात पायाखाली दिसते. यामुळे आईंचा घाटही टळेल, कारण कोतोरहून वर चढणारा जुना रस्ता २५ वळणांचा आणि काही ठिकाणी एकाच गाडीपुरता आहे. वरंध घाटात पावसाळ्यात समोरून एसटी आली की जे होते, ते इथे कोरड्या हवेतही होते.

आता दुर्मितोर. झाब्ल्याक १,४५६ मीटर उंचीवर आहे. मेअखेरीस गाव आणि तिथवरचे रस्ते मोकळे असतात. कुरणे हिरवी आणि शिखरे पांढरी, असे दृश्य याच दिवसांत मिळते. परंतु डोंगराला वळसा घालणारा प्रसिद्ध रस्ता सेदलो खिंडीतून १,९०० मीटरच्या वर जातो आणि काही वर्षी तो जूनपर्यंत बर्फाने बंद असतो, तेव्हा बेत त्यावर उभारू नका. २,५२३ मीटरच्या बोबोतोव्ह कुक शिखराचा विचार तर सोडूनच द्या. तुमच्यासाठी काळे सरोवर पुरेसे आहे. त्याला पूर्ण फेरी मारायला साधारण तासभर लागतो आणि चढ फारसा नाही. तारा नदीवरचा १९४० साली पूर्ण झालेला कमानींचा पूल १७२ मीटर उंच आहे आणि तो चालत ओलांडता येतो. तारेतले राफ्टिंग मे महिन्यात वितळलेल्या बर्फामुळे सर्वांत जोरदार असते, मुलीसाठी मी ते टाळले असते. रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, किनाऱ्यावर त्याच दिवशी दुपारी पंचवीस असते. स्वेटर आणि पोहण्याचे कपडे दोन्ही लागतील, परंतु समुद्र अजून गारच असेल.

परतताना आल्या वाटेने येऊ नका. तारेच्या काठाने मोय्कोवाच, तिथून कोलाशिन आणि पुढे २०२२ साली सुरू झालेला ४१ किलोमीटरचा महामार्ग राजधानी पोद्गोरित्सापर्यंत सरळ आणतो. जुना रस्ता मोराचा नदीच्या घळीतून जातो, तो अधिक सुंदर आहे, पण गाडी लागणाऱ्या माणसाला घेऊन नको. तिथून अर्ध्या तासावर स्कादर सरोवराच्या काठी विरपझार आहे. तिथे दोन रात्री राहा, होडीतून कमळे आणि पाणकोळी पाहा. शेवटची रात्र सीमेजवळच्या हेर्त्सेग नोवीला ठेवा, म्हणजे सीमेवर रांग लागली तरी विमान चुकणार नाही.

माझा हिशेब: दोब्रोता चार, झाब्ल्याक दोन, विरपझार दोन, हेर्त्सेग नोवी एक. २१ आणि २२ मे रोजी तिथे स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असते आणि स्थानिक लोकही बाहेर पडतात, तेव्हा पहिला मुक्काम लवकर नक्की करा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. व्हिसाची चूक महागात पडली असती. बहिणीला लगेच कळवले असून निमंत्रणपत्रात दोन्ही प्रवेशांच्या तारखा घालायला सांगितले आहे. विभागणी तुम्ही सुचवली तशीच स्वीकारतो. बाबांचा पोद्गोरित्सा ते कोलाशिन आगगाडीने जाण्याचा हट्ट आहे, कारण त्या मार्गावरचा माला रियेका पूल १९८ मीटर उंच आहे आणि ते नोकरीनिमित्त कोकण रेल्वेच्या उंच पानवल पुलाखाली बरेच दिवस राहिले होते. विरपझारच्या मुक्कामातून एक दिवस त्यासाठी काढीन. आईच्या जेवणाबद्दल आणि गाडीबद्दल कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद २

जेवणासाठी ‘पोस्नो’ हा शब्द ऐकाल. त्याचा अर्थ उपवासाचे, म्हणजे मांस, दूध, अंडी वर्ज्य असलेले. परंतु त्यात मासे चालतात, म्हणून ‘बेझ मेसा, बेझ रिबे, बेझ याया’ (मांस नको, मासे नको, अंडी नकोत) असे पूर्ण सांगा. डोंगरात मक्याच्या पिठाचा आणि बटाट्याचा काचामाक मिळतो. तो दह्याबरोबर आमच्या सासूबाईंनी तीन दिवस आनंदाने खाल्ला. किनाऱ्यावर ब्लित्वा, म्हणजे पालकासारखी भाजी आणि बटाटा, जवळजवळ सर्वत्र मिळते.

गाडीच्या बाबतीत सात आसनांची घेऊ नका. सहा माणसे बसल्यावर मागे दोन बॅगांचीही जागा उरत नाही. नऊ आसनांची घ्या, आणि हाताने गिअर बदलायचे नसतील तर आतापासून ऑटोमॅटिक मागून ठेवा, कारण अशा गाड्या थोड्या असतात. दुब्रोव्निकहून भाड्याने घेतलेली गाडी सीमेपार नेण्याचा शुल्क आणि विम्याचा कागद वेगळा असतो, तो लेखी घ्या. दिवसाही हेडलाइट लावून चालवणे तिथे बंधनकारक आहे.