मणक्याचा मार, दोन्ही पाय निकामी: मोटार अपघात दाव्यात टक्केवारी कुठली धरतात?

कांजूर_पूर्व
मेहुण्याच्या स्कूटरला चार महिन्यांपूर्वी विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर टेम्पोने मागून उडवलं. वय 34, खासगी कंपनीत कायम, हातात पगार 32,000. डी-12 मणका मोडला, ऑपरेशन झालं, पण कमरेखाली हालचाल नाही, लघवी कॅथेटरने. चालकावर गुन्हा दाखल आहे, टेम्पोचा विमा चालू आहे.
अडचणी अशा: दाखल्यावर 80 टक्के अपंगत्व येईल म्हणतात, मग भरपाईही 80 टक्क्यांवरच का? कॅज्युअल्टीच्या कागदावर नुसतं ‘दुचाकीवरून पडून’ लिहिलंय. मेडिक्लेमने दिलेले पैसे वजा होतात का? आणि दाखला हातात आल्यावरच अर्ज करायचा का?

निशाणी_बारा
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण घड्याळ तिथे चालू आहे. दाखल्यासाठी थांबू नका. 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसायचं नाही. पोलिसांनी पाठवलेला अपघात अहवालही अर्ज म्हणून धरता येतो. तो खरंच न्यायाधिकरणात पोहोचलाय का हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही. स्वतःचा अर्ज टाका, दाखला नंतर पुराव्यात येतो.

अर्ज मुंबईच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघाताचं ठिकाण, अर्जदाराचं घर किंवा सामनेवाल्याचा (ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याचा) पत्ता, यांपैकी काहीही चालतं, म्हणून ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याला ठाणेही खुलं असतं. मेहुणे शुद्धीवर आहेत ना? मग अर्जदार तेच. पालक नेमावा लागतो तो मेंदूला मार लागून समज गेली असेल तेव्हा. सामनेवाले म्हणून टेम्पोमालक आणि विमा कंपनी हवेतच.

आता टक्के. दाखल्यावरचे टक्के शरीराचे. न्यायाधिकरण बघतं ते कमाईची ताकद किती गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात हे दोन आकडे वेगळे काढले. फरक किती पडतो बघा: 32,000 × 12 = 3,84,000. कायम नोकरी आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 50 टक्के, झाले 5,76,000. वय 31 ते 35 ला गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला गुणायचा, वयानुसार ठरलेला आकडा) 16. शंभर टक्के धरले तर 92,16,000, ऐंशी धरले तर 73,72,800. नुसत्या टक्क्यावर 18,43,200 इकडचे तिकडे. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची एक तृतीयांश वजावट नसते, ती मृत्यूच्या दाव्यात. विमा कंपनीचा हिशेबाचा तक्ता आला की आधी हे तपासा.

‘हातात 32,000’ हाही चुकीचा आकडा. वजा होतो आयकर आणि व्यवसाय कर, पीएफ नाही. पगारपत्रकातला ढोबळ पगार धरा, फॉर्म 16 जोडा.

एक मात्र स्पष्ट सांगतो: शंभर टक्के आपोआप मिळत नाहीत. काम टेबलावरचं असेल तर कंपनीचा वकील विचारणारच, ‘व्हीलचेअरवर बसून काम होत नाही का?’ म्हणून कामाचं स्वरूप लिहिलेलं नेमणूकपत्र काढा आणि एचआरच्या माणसाला साक्षी समन्स काढून बोलवा. आणि कंपनी राजीनामा मागत असेल तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं चुकूनही लिहून देऊ नका. उलटतपासात पहिला कागद तोच निघतो. ‘अपघातामुळे काम करता येत नाही’ असं कंपनीकडून लेखी घ्या.

वॉर्ड_सात
पगाराच्या हिशेबाइतकाच मोठा आकडा सेवेचा असतो आणि बहुतेक अर्जांत तो एका ओळीत उरकतात.

पॅराप्लेजियात (कमरेखालच्या लकव्यात) दिवसातून चार-सहा वेळा कॅथेटर, दर दोन तासांनी कूस बदलणं, शौचाचं वेळापत्रक, रोज फिजिओ. हे बघायला माणूस लागतोच. महिना 15,000 धरला तरी 15,000 × 12 × 16 = 28,80,000. 2020 च्या काजल विरुद्ध जगदीश चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन मदतनिसांचा खर्च गुणकानेच काढून 21,60,000 दिले, तोच निकाल दाखवा. बायको किंवा आई करत असली तरी खर्च मागता येतो, फुकटची सेवा म्हणून सोडू नका.

पण पुरावा हवा. ब्युरोची पावती किंवा मदतनिसाच्या सहीचं व्हाउचर, त्यावर महिना, रक्कम, रुग्णाचं नाव. कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, डायपर, एअर मॅट्रेस यांची बिलं रुग्णाच्या नावाने करून घ्या. औषधांच्या दुकानातलं गुळगुळीत थर्मल बिल काही महिन्यांत पांढरं पडतं आणि मग कोर्टात पुरावा म्हणून निशाणी क्रमांक देताना हातात कोरा कागद उरतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचणीने लावा. पुढच्या खर्चासाठी सर्जनकडून अंदाजपत्रक घ्या: व्हीलचेअर किती वर्षांनी बदलावी लागेल, मूत्रमार्गाच्या तपासण्या, बेडसोअर झाला तर शस्त्रक्रिया. ‘भविष्यात उपचार लागतील’ एवढ्याच वाक्यावर फार काही मिळत नाही.

अपंगत्वाचा दाखला यूडीआयडी (अपंगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) पोर्टलवरून. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था आहे, शिवाय मोठी सरकारी आणि पालिका रुग्णालयं. ‘तात्पुरतं’ लिहिलं असेल तर फेरतपासणीची तारीख चुकवू नका. दाखला नुसता दाखल करून भागत नाही, डॉक्टरला साक्षीला आणा आणि ‘हा माणूस काय करू शकत नाही’ हे त्याच्या तोंडून रेकॉर्डवर येऊ द्या. मेहुण्यांना कोर्टात आणणं अशक्य असेल तर घरीच कमिशनवर (कोर्टाने नेमलेल्या माणसासमोर) साक्ष नोंदवायचा अर्ज करता येतो.

निशाणी_बारा
कॅज्युअल्टीचा कागद राहिला. ती ओळ ज्याने रुग्णाला आत आणलं त्याच्या सांगण्यावरून लिहिलेली असते, आणि त्या गडबडीत कोणी ‘टेम्पो’ म्हणत नाही. खाडाखोड करायला सांगू नका, दावा तिथेच मरतो. त्याऐवजी हे जमवा: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मोटार वाहन निरीक्षकाचा दोन्ही गाड्यांचा तपासणी अहवाल, 108 ची नोंद. स्कूटरची मागची बाजू दबलेली आणि टेम्पोचा पुढचा बंपर घासलेला, एवढं अहवालात असेल तर ‘स्वतः पडला’ टिकत नाही. स्कूटर दुरुस्तीला टाकली नसेल तर आधी फोटो काढून ठेवा. रुग्णालयात आणणाऱ्याचीही साक्ष द्या.

मेडिक्लेमबाबत निश्चिंत राहा. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही असं ठरवलंय. फक्त मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील तर त्यांच्याकडून साक्षांकित प्रती मागवा.

कांजूर_पूर्व
दोघांचेही आभार. विमा कंपनीचा तपासनीस घरी येऊन जबाबावर सही मागतोय. आणि वकील 20 टक्के म्हणतायत.

वॉर्ड_सात
वाचल्याशिवाय सही नको, कोऱ्या कागदावर तर नकोच. ‘वेग किती होता’ या प्रश्नाला अंदाजाने आकडा सांगू नये, तोच पुढे सहभागी निष्काळजीपणा (अपघातात जखमीचीही चूक) म्हणून येतो.

निशाणी_बारा
निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ठरावीक फी लेखी ठरवा. अपंग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या.
स्कूटर मेहुण्यांच्याच नावावर असेल, लायसन्स वैध असेल आणि मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा घेतला असेल, तर कायम पूर्ण अपंगत्वाला त्यातून 15 लाख वेगळे मिळतात. ते स्वतःच्या विमा कंपनीकडून, टेम्पोच्या दाव्याशी संबंध नाही. पॉलिसीवर ‘सीपीए’चा (याच विम्याचा) हप्ता भरलाय का ते आजच बघा.

दादर_पुलावर
लोकलमधून पडून असंच झालेल्यांसाठी: तिथे मोटार न्यायाधिकरण नाही, रेल्वे दावा न्यायाधिकरण. मुदत एक वर्ष, कोणतंही काम करण्याची ताकद गेली तर 8 लाख. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, पण वैध प्रवासी असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. पास सापडला नाही म्हणून दावा आपोआप फेटाळत नाहीत. रूळ ओलांडताना लागलं असेल तर यात बसत नाही.