दोबारा मधला शोएब: नट बदलला ते एक वेळ चाललं असतं
पहिल्या भागातला इम्रान हाश्मी बदलून दुसऱ्या भागात अक्षय कुमार घेतला, डॉन शोएबच्या रोलला हाश्मीच ठेवायला हवा होता हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं, पण मला विचाराल तर नुसता नट बदलला म्हणून 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई दोबारा' गंडला नाही, शोएब हे कॅरेक्टरच बदलून टाकलं राव. २०१० च्या पहिल्या भागातला शोएब आठवा, पोलिसाचा पोरगा, डोक्यात राख घालून फिरणारा, ज्या डॉन सुलतानने (अजय देवगण) हाताशी धरलं त्यालाच शेवटी भर सभेत गोळ्या घालतो. त्याच्या नजरेतच एक भूक होती. आणि २०१३ मध्ये तोच माणूस गॉगल लावून, सिगरेट फुंकत वाक्यावाक्याला यमक जुळवतोय आणि एका हिरॉइनच्या मागे येड्यासारखा लागलाय! अक्षय कुमार वाईट नट नाहीये, पण इथे तो डॉन कमी आणि डायलॉगचं दुकान जास्त वाटतो. बरं धंदा, टोळी, पोलीस हे सगळं तोंडी लावण्यापुरतं, बाकी नुसता प्रेमाचा त्रिकोण. त्यात इम्रान खान म्हणजे शोएबच्या टोळीतला अस्लम, तो टपोरी वाटतच नाही हो, कॉलेजातून थेट सेटवर आल्यासारखा चेहरा. (एक इम्रान काढून दुसरा आणला, हिशोब बरोबर झाला म्हणायचा.) शोएबची प्रेयसी मुमताज पण प्राची देसाईची सोनाली बेंद्रे झाली, आणि तिला काम काय तर जवळजवळ काहीच नाही. पहिल्या भागात अजय देवगण नुसता पांढऱ्या कपड्यात उभा राहिला तरी वजन पडायचं, इथे तसं कोणीच नाही.