ओआरएस कालवताना
प्रवासात जुलाब लागले तर ओआरएस घ्यावं, हे खरं. पण गडबड होते ती कालवताना. साधारण २१ ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं, तर दाट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. स्टेशनवर १ लिटरची सीलबंद बाटली घ्यायची, एखादा घोट पिऊन जागा करायची, आख्खं पाकीट ओतून हलवायचं. २४ तासांनंतर उरलेलं फेकायचं. एकट्याने फिरत असाल तर २०० मिलीची छोटी पाकिटं जास्त सोयीची.

दर जुलाबानंतर मोठ्यांना पेलाभर, दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमचा-चमचा द्या, बंद करू नका.

पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा). फळांच्या चवीची गोड पेयं हा पर्याय नव्हे, त्यांत साखर जास्त, मीठ कमी.

शौचात रक्त किंवा जोराचा ताप असेल तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून अजिबात घेऊ नका, थेट डॉक्टर गाठा.