मदत हवी: ब्रॉडहेडला धार लागेना, तीन रविवार वाया गेले

तिरकमठा_सोलापूर
मंडळी, ब्रॉडहेडला, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या पातीदार डोक्याला धार लावतोय. कानस झाली, दगड झाला, व्हिडिओत सांगितलेलं सगळं झालं. हातावरचा एक केस निघत नाही. वैतागून एक डोकं बाजारातल्या धारवाल्याकडं दिलं, तर दोन मिनिटांत टोक निळंशार करून परत! सप्टेंबरच्या आत जमायलाच पाहिजे. कोणाला येतं का हे? लवकर सांगा की राव.

कानसवाला
दोन पात्यांचं की तीन? दगड कुठला? कानस कुठली? काहीच न सांगता लवकर काय सांगू?
निळ्याचं तेवढं सांगतो. पाणी उतरलं त्याचं. ग्राइंडरवर पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं की असा निळा रंग चढतो आणि कड मऊ पडते. आता कितीही घासा, लावलेली धार टिकणार नाही. ते बाजूला ठेवा.

नान्नजकर
धारेचं राहू द्या. सप्टेंबरमध्ये काय आहे ते आधी सांगा. आमच्या माळावर काळविटांचे कळप फिरतात. 1972 च्या कायद्यानं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, सरळ तुरुंग. शिकवणाऱ्यांनीही जरा विचार करावा.

तिरकमठा_सोलापूर
अहो काका, नान्नजच्या बाजूला मी बाण घेऊन फिरकतसुद्धा नाही. मेहुणा विस्कॉन्सिनला असतो. तिकडं धनुष्याचा हरणांचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो, परवाना काढून. दिवाळीला आला तेव्हा सहा डोकी ठेवून गेला. म्हणाला, धार शिकून या दाजी, नाहीतर तंबूत भाकरी भाजत बसाल. सगळी दोन पात्यांची आहेत. धनुष्य रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं, ओढ 45 पौंडांची.

नान्नजकर
मग हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. आणि 1 जानेवारी 1973 ला किंवा नंतर जन्मला असाल तर तिकडं शिकारीच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र मागतात. मेहुण्याला विचारून ठेवा.

साताऱ्याचा_पोरगा
रिकर्व्ह कशाला पण? कंपाउंड घ्या, चाकांचं धनुष्य. आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये जगज्जेती झाली, नागपूरचा ओजस देवतळेही तिथंच. दोघंही कंपाउंडवाले.

कानसवाला
ते कागदावर मारतात, 50 मीटरवर. कागदाला धार लागत नाही. यांना जनावरावर सोडायचाय. बाण काही गोळीसारखा धक्क्यानं मारत नाही, कापून रक्त काढतो. डोकं बोथट असलं तर हरीण जखम घेऊन रानात जाईल आणि सापडायचं नाही. 45 पौंडांच्या ओढीवर तर धारेचाच आधार.

बाळीवेसचा_म्हातारा
दगडबिगड काही लागत नाही. आमच्या वडिलांचं सलून होतं. खुर्चीच्या हाताला चामड्याचा पट्टा टांगलेला असायचा, त्यावर वस्तरा दहादा पुढं, दहादा मागं. गिऱ्हाईक डोळे मिटून बसलेलं, नुसता सप्‌ सप्‌ आवाज. चांगला पट्टा मिळवा, काम झालं.

कानसवाला
काका, पट्टा शेवटी. वस्तऱ्याची धार आधीच बसलेली असते, पट्ट्यानं ती फक्त सरळ होते. इथं धारच नाही, तर पट्टा काय सरळ करणार?

बाळीवेसचा_म्हातारा
चाळीस वर्षं बघितलंय मी.

कानसवाला
तुम्ही वस्तरा बघितलाय!

तिरकमठा_सोलापूर
भांडू नका ओ. दगड करबोरंडमचा आहे, एक बाजू जाड, एक बारीक. तेल टाकतो. पातं एका बाजूनं वीस वेळा, मग उलटून दुसऱ्या बाजूनं वीस, अगदी मोजून. फोटो टाकलाय.

उगाचच
तेल नको, पाणी टाका. तेलानं दगड बसतो.

कानसवाला
एकदा तेल प्यायलेल्या दगडाला परत तेलच. पाण्याचा नाद आता नको.
फोटो मोठा करून बघितला. अहो, हे सिंगल बेवल आहे! प्रत्येक कडेला उतार एकाच अंगाला असतो, दुसरं अंग पूर्ण सपाट. तुम्ही सपाट अंगावरही वीस वीस वेळा उतार पाडत बसलात. धार लागणार कशी?
उताराच्या अंगाला काळा मार्कर फासा. कानस एकाच दिशेनं चालवा, साधारण 25 अंशांवर. शाई कडेपर्यंत गेली म्हणजे कोन बरोबर. नुसती वरच गेली तर पातं जरा उचला. मागच्या सपाट अंगावर नखाला अडकणारी पोलादाची बारीक तार लागेपर्यंत घासा, टोकापासून बुडापर्यंत सलग. मग सपाट अंग बारीक दगडावर अगदी आडवं टेकवून दोनतीनदा हलक्या हातानं फिरवा. पुन्हा उतार, पुन्हा सपाट, दाब कमी करत. मग काकांचा पट्टा, त्यावर बफिंगचा हिरवा साबण चोळून.
आणि हो, डोकं बोटांत धरून घासू नका.

तिरकमठा_सोलापूर
धरू कशात? नट लावून लाकडात बसवावं म्हणून एम-4 चा, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचा आणला, तो चढतच नाही. कालच अंगठ्याला दोन टाके पडलेत.

कानसवाला
चढणार नाही. त्याचे आटे 8-32, इंचातले. जुन्या बाणाचा पुढचा वीतभर तुकडा कापा, आतल्या इन्सर्टसकट, म्हणजे डोकं बसतं त्या आटेवाल्या नळीसकट. डोकं त्यात फिरवा, झाली मूठ.
म्हणजे हातावरचे केस कापत नाहीत, पण अंगठा कापला?

तिरकमठा_सोलापूर
बोला, बोला.

तिरकमठा_सोलापूर (नऊ दिवसांनी)
जमलं! चुकीचा उतार काढायलाच दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या डोक्याला रबरबँड ताणून नुसता टेकवला, टच्‌कन तुटला. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत झालाय, बायको विचारते हे काय नवीन. पाचातली चार झाली. पाचव्याचं टोक अजून गोल आहे.

कानसवाला
टोकाशी पोचताना हात वर उचलला जातोय. तिथं मार्कर पुन्हा फासा. आणि बाणाची पिसं कुठल्या बाजूला वळतात ते मेहुण्याला विचारा. उजव्या वळणाची असतील तर उजव्या उताराचं डोकं, म्हणजे दोन्ही एकाच दिशेनं फिरतात.

बाळीवेसचा_म्हातारा
पट्टा शेवटी लावला का नाही?

तिरकमठा_सोलापूर
लावला काका, जुना कमरेचा. त्याशिवाय केस निघत नव्हता.

बाळीवेसचा_म्हातारा
हां.

उगाचच
इथंच विचारतो, घरची विळी बोथट झालीये. तिलापण मार्कर चालतो का?