वावराजवळच्या घरातील गेमिंग संगणक: आधी ग्राफिक्स कार्ड बदलावे की वीजपुरवठा सुधारावा?

धागाकर्ता (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. २०२१ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी जुळवून घेतलेला आमचा संगणक गेल्या उन्हाळ्यापासून गेम सुरू असताना एकाएकी बंद होतो आणि पुन्हा आपोआप सुरू होतो. विंडोजचा चूक दाखवणारा निळा पडदा येत नाही आणि कोणताही संदेश दिसत नाही. त्यात इंटेल कोअर आय३-१०१००एफ प्रोसेसर, एच४१० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, '४५० वॅट' असे लिहिलेला साधा एसएमपीएस (संगणकाच्या आतील भागांना वीज पुरवणारा डबा) आणि सोबत ६०० व्हीएचा यूपीएस आहे. धाकटा भाऊ सुटीत आला की व्हॅलोरंट आणि जीटीए फाईव्ह खेळतो. एरवी मी त्यावर हिशेबाचे आणि थोडे व्हिडिओचे काम करतो. बिघाड बहुतेक संध्याकाळनंतरच होतो. दुकानदारांनी कार्ड गेल्याचे सांगून आरएक्स ६५०० एक्सटी हे नवे कार्ड सुचवले आहे. तीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे, परंतु कापसाचा पैसा भलत्याच भागावर जाऊ नये असे वाटते. घर गावठाणाबाहेर, वावराला लागून आणि डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) बरेच लांब आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (अमरावती)

भाऊ, एवढ्यात कार्ड घेऊ नका. बिघाडाची वेळ ही येथे सर्वांत मोठी खूण आहे. कार्ड खराब झाले असते तर ते सकाळीही त्रास देते, आणि बहुधा बंद पडण्यापूर्वी पडद्यावर रेघा किंवा ठिपके उमटतात अथवा ड्रायव्हर थांबल्याचा संदेश येतो. आपला संगणक मात्र कोणीतरी बटण बंद केल्यासारखा जातो, आणि तोही संध्याकाळनंतर, म्हणजे बहुधा आसपासच्या वावरांतले कृषिपंप सुरू होण्याच्या वेळी. त्यामुळे माझा पहिला संशय यूपीएसच्या बॅटरीवर आहे. पंपांच्या भाराने व्होल्टेज खूप उतरले की यूपीएस बॅटरीवर जातो. बॅटरी जीर्ण असेल तर ती गेमचा भार क्षणभरही पेलत नाही आणि संगणक बंद पडतो. लेड-ॲसिड बॅटरी साधारणपणे दोन-तीन वर्षे टिकते, आणि आपल्याकडच्या उष्णतेत त्याहूनही कमी.

पडताळणी सोपी आहे. यूपीएसवर संगणकाऐवजी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून भिंतीवरचे बटण बंद करा. चांगल्या बॅटरीवर तो काही मिनिटे सहज जळतो. लगेच विझला तर बॅटरी संपली आहे. त्यानंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बंद पडण्याच्या वेळची नोंद पाहा. तेथे 'कर्नल-पॉवर ४१' असेल तर त्याचा अर्थ संगणक रीतसर बंद झाला नाही एवढाच होतो, कारण त्यातून कळत नाही. मात्र नोंदींच्या वेळा पंपांच्या वेळांशी जुळतात का हे ताडून पाहता येईल. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम गेमच्या वेळी चालू ठेवून तापमानही नोंदवा. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, आणि तिच्या जवळ पोहोचल्यावर तो आधी स्वतःची गती कमी करतो, एकदम बंद पडत नाही.

शक्य असल्यास गावातील वायरमनकडून सकाळी आणि पंप चालू असताना सॉकेटवरचे व्होल्टेज मोजून घ्या. त्याच वेळी न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातील व्होल्टेजही अवश्य मोजायला सांगा.

धागाकर्ता

सांगितल्याप्रमाणे पाहिले. बल्ब जवळजवळ लगेच विझला. सकाळी २३२ व्होल्ट मिळतात आणि पंप सुरू झाल्यावर १७८. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३० च्या आसपास दाखवते, आणि कॅबिनेटला हात लावला की कधी कधी झिणझिण्याही येतात. गेममध्ये प्रोसेसर ८८ अंशांपर्यंत जातो. नोंदी सर्व ४१ च्याच आहेत आणि त्यांच्या वेळा पंपांच्या वेळांशी जुळतात.

प्रतिसाद (हिंगणघाट)

झिणझिण्या येतात म्हणजे सर्वप्रथम अर्थिंगचे काम करून घ्या, कारण हा संगणकापेक्षा घरातील माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. न्यूट्रल आणि अर्थिंगमधील फरक दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त नसावा. आपली काळी जमीन ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की अर्थिंगच्या पाइपाचा मातीशी संपर्क सुटतो. म्हणून परवानाधारक वायरमनकडून कोळसा आणि मीठ घालून खड्डा नीट भरून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी टाका. काही जण खड्ड्याचा खर्च वाचवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून देतात. तसे कोणालाही करू देऊ नका. न्यूट्रलची तार वाटेत कोठे तुटली तर संगणकाच्या पत्र्यावर थेट फेज येते.

एसएमपीएसवरील लेबल वाचा. तेथे '२००–२४० व्होल्ट' असेल तर १७८ व्होल्टवर तो मर्यादेबाहेर काम करत आहे. ज्यावर '१००–२४०' लिहिलेले आहे, असा ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढण्याची आतील व्यवस्था) असलेला, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवणाऱ्या) दर्जाचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. खोक्यावर छापलेल्या वॅटवर विसंबू नका: लेबलवरील १२ व्होल्टच्या रकान्यातील अँपिअरला १२ ने गुणा, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डासाठी खरोखर किती वॅट मिळतात ते कळते. यूपीएसचेही असेच असते. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, म्हणून नवा १००० व्हीएचा घ्या. ॲक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर अडखळतात. त्यामुळे शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा यूपीएस परवडत असेल तर उत्तम, अन्यथा दुकानातच भार टाकून, वीज बंद करून खात्री करून घ्या.

प्रतिसाद (चंद्रपूर)

वीज सुधारल्यावरही ८८ अंश हे तापमान मला जास्त वाटते, कारण खोलीचे तापमान जितके वाढते जवळपास तितकेच आतलेही वाढते, आणि नवतपा लागला की आपल्याकडे बाहेरच ४५ अंश असतात. पंख्याच्या पात्यांमध्ये कापसाचे तंतू आणि तुरीच्या कुटाराची धूळ अडकली असेलच. पंखा बोटाने धरून ब्लोअरने ती काढा, कारण हवेच्या जोराने भरधाव फिरलेला पंखा खराब होऊ शकतो. प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही इतक्या वर्षांत वाळलेली असणार, ती बदला. कॅबिनेट समोरून जाळीचे नसेल तर जाळीचे घ्या आणि पुढे एक जास्तीचा पंखा बसवा.

कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि खारे पाणी असलेल्या गावांत त्यांचा पांढरा थर आत साचतो. कूलर खोलीच्या दुसऱ्या बाजूला ठेवून समोरची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे मे महिन्यातल्या कोरड्या हवेत खोली खरोखर थंड होते. पावसाळा लागला की कूलर गारवा न देता दमटपणाच वाढवतो, तेव्हा साधा पंखा बरा.

मृगाच्या तोंडाशी विजा कडाडू लागल्या की संगणकाचा प्लग काढा आणि राउटरकडून येणारी लॅन केबलही काढा. ही दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात.

धागाकर्ता

अर्थिंग, एसएमपीएस आणि यूपीएस ठरले. उरलेल्या पैशांत गेमसाठी काय घ्यावे?

प्रतिसाद (अमरावती)

सर्वप्रथम ८ जीबीची दुसरी रॅम घ्या. एका रॅमवर मेमरी एकाच चॅनेलने (मार्गाने) आणि म्हणून संथ चालते, आणि व्हॅलोरंटसारखा गेम कार्डापेक्षा प्रोसेसर आणि मेमरीवर अधिक अवलंबून असतो. ३२०० वेगाची रॅम घेतली तरी या बोर्डावर ती २६६६ च्या वेगानेच चालेल, त्यामुळे जास्त वेगाचे पैसे देऊ नका.

आरएक्स ६५०० एक्सटी मात्र मुळीच नको. ते ४ जीबीचे असून पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरते. नव्या बोर्डावर अधिक वेगवान पीसीआय ४.० मुळे ते निभावून जाते. आपला बोर्ड ३.० चा असल्याने कार्डाची गती स्पष्टपणे कमी होईल. कार्ड बदलायचेच असेल तर ८ जीबीचे आरएक्स ६६०० पाहा. ते सुमारे १३२ वॅट घेते आणि वर सांगितलेल्या एसएमपीएसवर निवांत चालेल.

प्रतिसाद (हिंगणघाट)

आरएक्स ६६०० अधिक ताकदीचे आहे, हे मान्य आहे. तरीही जेथे रोज वीज खालीवर होते तेथे मी ६ जीबीच्या आरटीएक्स ३०५० चाही विचार करायला सांगेन. ते सुमारे ७० वॅटवर चालते, त्याच्या बहुतेक मॉडेलना विजेची वेगळी वायर लागत नाही आणि यूपीएसवर संगणक जास्त वेळ तग धरतो. याच नावाचे ८ जीबीचे कार्ड १३० वॅटचे आणि अधिक वेगवान आहे, म्हणून दुकानात दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका. आपले व्हिडिओचे काम पाहता मला हेच सोयीचे वाटते, पण भावाला नवे, जड गेम खेळायचे असतील तर अमरावतीच्या भाऊंचा सल्ला योग्य आहे.

माझे मत असे की कार्डाची खरेदी महिनाभर पुढे ढकलावी. अर्थिंग, एसएमपीएस, यूपीएस आणि रॅम झाल्यावर पंप चालू असताना संध्याकाळी जुन्याच कार्डावर खेळून पाहा. संगणक बंद पडला नाही, तर १६५० निर्दोष आहे असे समजा आणि ते विकून नव्या कार्डात भर घाला. खरेदी नागपूरला सीताबर्डीत करा किंवा ऑनलाइन मागवा, पण प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, कारण वॉरंटीचा दावा करताना तोच विचारला जातो.