सॅन अँड्रियासची नवी आवृत्ती हाताशी असताना खेळाडू जुनीकडेच का वळतात?

सांजदिवा यांचा प्रश्न:

नमस्कार. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’ हा खेळ ऑक्टोबर २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर आणि जून २००५ मध्ये संगणकावर आला. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ निघाली. तीत गाड्यांवर प्रतिबिंबे पडतात, सावल्या रेखीव आहेत, नेम धरणे सोपे झाले आहे आणि शस्त्रे निवडण्यासाठी चक्र दिले आहे. तरीही माझ्या ओळखीतले बहुतेक खेळाडू दोन्ही आवृत्त्या खेळून पाहिल्यावर जुनीच ठेवतात. ‘लहानपणची आठवण’ हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही, कारण त्यांत माझा धाकटा मावसभाऊही आहे आणि मूळ खेळ आला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. नव्या आवृत्तीत सुरुवातीला भरपूर चुका होत्या, त्यांतल्या बऱ्याच पुढे दुरुस्तही झाल्या, हे मला ठाऊक आहे. त्या बाजूला ठेवल्या तरी जुन्या आवृत्तीत असे काय आहे, जे नवीत उतरले नाही?

घाटवाट यांचे उत्तर:

सांजदिवा, माझ्या मते आपल्या उत्तराचा मोठा भाग धुक्यात आहे. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी अवघी ३२ मेगाबाइट होती. एवढ्याशा जागेत खेळातले अख्खे काल्पनिक राज्य मावणे शक्यच नव्हते, म्हणून खेळाडू पुढे सरकेल तसतसा समोरचा भाग डिस्कवरून वाचला जाई आणि जो भाग अजून वाचलेला नाही तो धुक्याआड ठेवला जाई. नकाशा समुद्र धरूनही जेमतेम सहा किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे, आणि त्यात लॉस सँटॉस, सॅन फिएरो व लास व्हेंच्युरास ही तीन शहरे, डोंगर, शेते आणि वाळवंट बसवायचे होते. निर्मात्यांनी रस्ते मुद्दाम वळणावळणांचे केले, शहरांच्या मध्ये टेकड्या उभ्या केल्या आणि वर हे धुके सोडले. त्यामुळे लॉस सँटॉसमधून बाहेर पडून खेड्यांच्या मुलखात शिरले की आपण फार लांब आलो, असे खरोखर वाटते. माउंट चिलियाडच्या माथ्यावर उभे राहिले तर खाली थोडी झाडी दिसते, पुढे सगळे करडे होत जाते आणि सॅन फिएरो नेमके कुठे आहे याचा अंदाजही येत नाही.

२०२१ च्या आवृत्तीत हे धुके गेले. विमानातून पाहावे तर तिन्ही शहरे एका नजरेत येत होती, आणि इतकी वर्षे ज्यांना आपण महानगरे समजत होतो ती एकाच गावाच्या तीन आळ्यांसारखी शेजारीशेजारी दिसू लागली. यात तांत्रिक चूक म्हणावी असे काही नव्हते; यंत्राला दूरचे दाखवता येत होते म्हणून ते दाखवले गेले. पण ज्या अंतरावर या खेळाची सगळी भव्यता उभी होती, ते अंतरच त्यामुळे मोडले, आणि याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

रंगांचेही तेच झाले. मूळ खेळात ‘टाइमसायक’ नावाची एक साधी मजकुराची फाइल आहे. प्रत्येक हवामानासाठी दिवसातल्या आठ वेळांना माथ्यावरचे आकाश कोणत्या रंगाचे, क्षितिज कोणत्या रंगाचे, किती दूरवरचे दिसावे आणि धुके कुठून सुरू व्हावे, याचे आकडे तीत ओळीने मांडलेले आहेत. कथा १९९२ सालची आहे आणि लॉस सँटॉस ज्यावर बेतले ते लॉस एंजेलिस त्या काळी धुरकट हवेसाठी कुप्रसिद्ध होते. तिथल्या संध्याकाळचा नारिंगी गढूळपणा कोणीतरी हाताने, आकडा आकडा जुळवून आणलेला होता. नव्या प्रकाशयोजनेत तो विरला आणि त्या जागी कोणत्याही शहरावर चालेल असे निळेशार आकाश आले.

एक बारीक उदाहरण देतो. ‘टफ नट डोनट्स’ या दुकानावर बोल्टला लावतात तसा एक भलामोठा षटकोनी नट आहे. दुकानाच्या नावातली गंमत त्या सहा कोपऱ्यांवरच उभी आहे. नवी आवृत्ती आली तेव्हा त्याच्या कडा घासून तो गुळगुळीत गोल झालेला होता. पुढे तो दुरुस्त केला गेला, परंतु ही वस्तू काय आहे हे न पाहताच तिच्यावर हात फिरवला गेल्याचे खेळाडूंच्या तेव्हाच ध्यानात आले, आणि मग प्रत्येक पाटीकडे आणि प्रत्येक चेहऱ्याकडे ते त्याच नजरेने पाहू लागले.

पाना-पक्कड यांचे उत्तर:

घाटवाट यांच्याशी मी सहमत आहे, पण ‘जुनी आवृत्ती’ ही एकच गोष्ट नाही, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. संगणकावरच्या पहिल्या, म्हणजे १.० आवृत्तीत प्रौढांसाठीचा एक प्रसंग फाइलींमध्ये दडून राहिला होता. तो बाहेर येताच जुलै २००५ मध्ये अमेरिकेतील मानांकन संस्थेने खेळाला ‘केवळ प्रौढांसाठी’ हा शिक्का दिला. त्यानंतर काढलेल्या २.० आवृत्तीत तो प्रसंग तर काढलाच, शिवाय खेळात फेरफार करण्याच्या वाटाही बुजवल्या. पुढे २०१४ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावरील प्रतीतून डझनाहून अधिक गाणी गळली, कारण त्यांच्या वापराचे करार संपले होते. या खेळात गाडीतला रेडिओ केवळ पार्श्वसंगीत नाही. १९९२ हे साल कानांना कळते ते त्याच्यामुळे.

म्हणून जाणकार जेव्हा जुनी म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा १.० अभिप्रेत असते. मॉड, म्हणजे खेळात चाहत्यांनी केलेले फेरफार, बनवणाऱ्यांची अवजारे तिच्यावरच घडली, अनेकांना एकत्र ऑनलाइन खेळू देणारे ‘सॅन अँड्रियास मल्टिप्लेअर’ तिच्यावर चालते, आणि कमीत कमी वेळात खेळ संपवण्याची स्पर्धा करणारेही नंतरची प्रत उतरवून मुद्दाम १.० वर येतात. आपल्याकडच्या पोरांनी त्यात अँबॅसडर आणि बुलेट धावायला लावल्या त्याही याच मोकळ्या फाइलींमुळे. डेफिनिटिव्ह एडिशनचे चित्रण अनरियल इंजिन ४ या वेगळ्या खेळ-प्रणालीवर गेल्यामुळे ही साठवण जशीच्या तशी तिथे नेता येत नाही.

जुनीत दोष नाहीत असे अजिबात नाही. फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या चित्रांची, मर्यादा काढली की पोहण्याचा वेग मंदावतो, कारण हालचालीचा हिशेब फ्रेमशी बांधलेला आहे. पण हे दोष शोधून निस्तरणारी माणसे आजही आहेत. विंडोज ११ च्या २४एच२ अद्ययावतीनंतर स्किमर नावाचे पाण्यावर उतरणारे विमान खेळातून दिसेनासे झाले, आणि मॉडच्या साहाय्याने त्यात बसणारा खेळाडू थेट आभाळात भिरकावला जाऊ लागला. तपास केल्यावर आढळले की याच मालिकेतल्या आधीच्या ‘व्हाइस सिटी’ या खेळात स्किमरची नोंद होडी म्हणून होती, म्हणून वाहनांच्या यादीतल्या तिच्या ओळीत चाकांचे आकडे नव्हते. सॅन अँड्रियासमध्ये ती विमान झाली, पण ते आकडे भरायचे राहून गेले. वीस वर्षे मेमरीत आधीच्या गाडीचे उरलेले आकडे योगायोगाने कामी येत होते, आणि नव्या विंडोजमध्ये ते पुसले जाऊ लागले तेव्हा चूक उघडी पडली. ‘सायलेंटपॅच’ या मॉडच्या कर्त्याने ती शोधून निस्तरली. एखाद्या आवृत्तीला इतकी जीव लावणारी माणसे लाभली, की नवा खेळाडूही तिथेच रुजतो.

संथलय यांचे उत्तर:

मला नव्या आवृत्तीच्या बाजूने थोडे बोलणे आवश्यक वाटते. ‘राँग साइड ऑफ द ट्रॅक्स’ ही मोहीम सगळ्यांना आठवत असेल: आगगाडीला समांतर मोटारसायकल चालवायची आणि मागे बसलेल्या बिग स्मोक या साथीदाराने गाडीवरच्या माणसांवर नेम धरायचा. मूळ खेळात ती हुकली की पुन्हा मोहिमेच्या जागी जाऊन पहिल्यापासून सगळे करावे लागे. नव्या आवृत्तीत फसलेली मोहीम लगेच पुन्हा सुरू करता येते. नोकरी-संसार सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याला याचे मोल फार आहे, आणि केवळ या सोयीमुळे मी ही कथा प्रथमच शेवटपर्यंत पाहू शकले. नकाशावर वाट दाखवणारी रेषाही तशीच उपयोगाची आहे.

दुसरे असे की पुष्कळांच्या बाबतीत ही पसंती नसून परिस्थिती असते. मूळ खेळाला किमान २५६ मेगाबाइट मेमरी पुरते. नवी आवृत्ती ज्या तीन खेळांच्या संचात येते त्याला किमान ८ गिगाबाइट मेमरी आणि ४५ गिगाबाइट जागा लागते, तेही बरे ग्राफिक कार्ड असेल तर. महाविद्यालयासाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपवर खेळणाऱ्या मुलाला आपण ‘तुला जुनी का आवडते’ असे विचारतो, तेव्हा त्याच्यासमोर दुसरा पर्याय होता का, हे आधी पाहायला हवे.

सांजदिवा:

संथलय, मावसभावाच्या बाबतीत आपला मुद्दा अंशतः लागू आहे; तो आधी जुन्याच लॅपटॉपवर खेळत होता. मात्र नवे यंत्र आल्यावरही त्याने आवृत्ती बदलली नाही, म्हणून प्रश्न पडला. घाटवाट, नव्या आवृत्तीत आता जुनी प्रकाशयोजना निवडण्याची सोय आली आहे असे वाचले. तिने आपले समाधान होते का?

घाटवाट:

बऱ्याच अंशी होते. डिसेंबर २०२३ मध्ये फोनवर आलेल्या आवृत्तीत ती सोय प्रथम दिसली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संगणक व कन्सोलवरही आली. आकाशाला जुना रंग मिळाला, दूरचा मुलूख पुन्हा धूसर झाला आणि माउंट चिलियाडवरून तीन शहरे एकदम दिसणे थांबले. ज्यांना मोहिमा विनाकटकट संपवायच्या आहेत त्यांना आज मी हीच आवृत्ती सुचवीन. गाणी मात्र परतलेली नाहीत, आणि माणसांचे गुळगुळीत चेहरे जुन्या आकाशाखाली अजूनही परकेच वाटतात.

आपल्या मावसभावाला एक गोष्ट जरूर सांगावी. संगणकावरच्या मूळ आवृत्तीतही प्लेस्टेशन २ चा तो नारिंगी पडदा पूर्णपणे उतरला नव्हता. ‘स्कायजीएफएक्स’ नावाचे मॉड तो परत आणते. ते १.० वर चढवून लॉस सँटॉसच्या समुद्रकिनाऱ्यावर खेळातले संध्याकाळचे सात वाजू द्यावेत आणि मग डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये त्याच जागी, त्याच वेळी उभे राहून पाहावे.