मदत हवी आहे: इंग्लंडहून फ्रान्सला गाडीसह बोटीने जाण्यासाठी आरक्षण कसे करावे?

नमस्कार.

आम्ही गोव्यातल्या दिवाडी बेटावर राहतो. बेटावर यायला पूल नाही, त्यामुळे बाजार असो वा इस्पितळ, फेरीबोटीत गाडी चढवायची, हँडब्रेक ओढायचा आणि पलीकडच्या धक्क्यावर उतरायचे, एवढाच गाडीसह जलप्रवास आम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी आरक्षण कधीच करावे लागले नाही, म्हणून अनुभवी मंडळींची मदत हवी आहे.

येत्या जूनमध्ये आई, पत्नी आणि मी इंग्लंडमधल्या स्विंडनला धाकट्या भावाकडे जाणार आहोत. भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे स्थायिक झाला आहे. आमचे तिघांचे पासपोर्ट भारतीय आहेत. तिथून त्याच्याच गाडीने आठ दिवस फ्रान्सला जाण्याचा बेत आहे. आई ७४ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे तिला जिने चढवत नाहीत आणि थोडे लांब जायचे असले तर चाकांची खुर्ची लागते. विमानाने पॅरिस गाठणे सोपे आहे हे मला कळते. पण जन्मभर मांडवी ओलांडलेल्या आईची एकदा गाडीसकट समुद्र ओलांडण्याची इच्छा आहे, आणि ती तिला त्रास न होता पुरी व्हावी असे मला मनापासून वाटते.

पणजीत दोन ठिकाणी चौकशी केली, परंतु तिथे क्रूझच्या सहलींपलीकडे माहिती मिळाली नाही. स्वतः वाचून एवढे समजले की इंग्लंडमधले डोव्हर ते फ्रान्समधले कॅले हा प्रवास सुमारे ९० मिनिटांचा आहे, तर इंग्लंडमधल्याच पोर्ट्समथहून फ्रान्समधल्या काँला जाणारी बोट सहा तासांच्या आसपास घेते. मात्र स्विंडनहून पोर्ट्समथ बरेच जवळ पडते. आईच्या दृष्टीने गाडीतला प्रवास कमी करावा की बोटीतला, हे ठरत नाही.

मुख्य अडचण व्हिसाची आहे. ब्रिटनचा व्हिसा हाती आहे, शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी एकच चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज अजून करायचा आहे आणि त्यात प्रवासाचा तपशील द्यावा लागतो. बोटीचे तिकीट आधी काढले आणि व्हिसा लांबला तर पैसे जाणार का? शिवाय गाडीच्या टपावर भाऊ सामानाची पेटी बसवणार आहे. आरक्षणात उंची लिहिताना ती धरायची का? आणि गाडी उभी करतात त्या तळमजल्यावरून आईला वर कसे न्यावे?

प्रतिसाद:

मी मूळचा म्हापशाचा, सध्या केंटमध्ये राहतो. माझ्या वृद्ध वडिलांना घेऊन या मार्गाने दोनदा गेलो आहे.

व्हिसा हाती येईपर्यंत सर्वांत स्वस्त तिकीट घेऊ नका. ते सहसा बदलता येत नाही. तारीख बदलता येणारे किंवा पैसे परत मिळणारे तिकीट थोडे महाग असते, पण तुमच्या परिस्थितीत तेच योग्य आहे. डोव्हरला फ्रेंच अधिकारी इंग्लंडच्या भूमीवरच पासपोर्ट तपासतात, त्यामुळे शेंगेन व्हिसा नसेल तर बोटीत चढताच येणार नाही. पोर्ट्समथहून गेल्यास ही तपासणी फ्रान्सला उतरल्यावर होते. परतताना ब्रिटनमध्ये पुन्हा प्रवेश करायचा असल्याने तुमचा ब्रिटनचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे आजच पाहा.

उंची पेटीसह मोजा, तीही टेप लावून, अंदाजाने नको. नोंदवलेल्यापेक्षा गाडी उंच निघाली तर जादा पैसे भरावे लागतात, आणि बोट भरलेली असेल तर पुढच्या बोटीची वाट पाहावी लागते.

आईंसाठी मदत हवी आहे हे आरक्षणाच्या वेळीच नोंदवा आणि प्रवासाच्या किमान ४८ तास आधी फोन करून खात्री करून घ्या. धक्क्यावर लवकर पोहोचून तिथल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा सांगितले, म्हणजे ते गाडी लिफ्टजवळ लावून देतात. बोट सुटल्यावर गाड्यांच्या मजल्यावर परत जाता येत नाही, म्हणून औषधे, शाल आणि पासपोर्ट वर जातानाच सोबत घ्या.

समुद्राखालच्या रेल्वेच्या बोगद्यातून गाडीतच बसून ३५ मिनिटांत पलीकडे जाता येते आणि गुडघ्यांसाठी तेच सर्वांत सोयीचे आहे. पण त्यात समुद्र दिसत नाही, तेव्हा तुम्हाला मी तो मार्ग सुचवणार नाही. दिवसाची बोट घ्या. डोव्हर सोडताना मागे पांढरे कडे दिसतात, ते आईंना नक्की दाखवा.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. भावाने संध्याकाळी गाडी मोजली. पेटीसह उंची आम्ही धरली होती त्यापेक्षा बरीच जास्त भरली. जाताना पोर्ट्समथ आणि येताना कॅले ते डोव्हर, अशी दोन वेगळी तिकिटे काढावीत असे आता वाटते. सहा तासांत आईला आडवे होता यावे म्हणून केबिन घेणार आहोत. चाकांची खुर्ची आत जाईल अशी केबिन वेगळी मागावी लागते का?

प्रतिसाद:

होय, वेगळी मागावी लागते. अशा केबिन प्रत्येक बोटीत मोजक्याच असतात. संकेतस्थळावर दिसली नाही तर थेट फोन करा, आणि केबिन पक्की झाल्यावरच त्या बोटीचे तिकीट काढा.